लीला राव यांच्या सात विजेतेपदांची नोंद व्हायला हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर अलीकडेच भारतीय महिला टेनिसच्या वाटचालीचा आढावा घेणारा लेख वाचला. लेखकाने तो मनापासून लिहिला आहे आणि पुण्यात टेनिस शिकणाऱ्या मुलींच्या पालकांना तो उपयोगी पडेल यात शंका नाही. त्यातील एका विधानाची दुरुस्ती मात्र व्हायला हवी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून लेखात निरुपमा वैद्यनाथन यांचे नाव दिले आहे आणि त्यासाठी 1998 सालच्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा दाखला दिला आहे. निरुपमा यांचा तो विजय खराच मोठा होता आणि त्याचे मोल मला तसूभरही कमी करायचे नाही. पण ‘पहिली’ या शब्दाआधी ‘ओपन युगातील’ हा शब्दप्रयोग असायला हवा होता. व्यावसायिक खेळाडूंनाही मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या ते ओपन युग 1968 साली सुरू झाले. त्याच्या चौतीस वर्षे आधी, 1934 साली, लीला राव या मुंबईच्या तरुणीने विंबल्डनच्या एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकला होता.

ही चूक एकट्या आपल्या लेखकाची नाही. गेल्या वर्षी माझ्या नातीने एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत याच प्रश्नाला लीला राव यांचे नाव उत्तर म्हणून दिले. परीक्षकांच्या हातातील छापील पुस्तिकेत दुसरे नाव असल्यामुळे ते उत्तर चूक ठरवले गेले. ती स्वतः टेनिस खेळते, घरात लीलाबाईंविषयी लहानपणापासून ऐकत आली आहे, त्यामुळे तिला ते फार लागले. एका गुणाचे दुःख मुले दोन दिवसांत विसरतात. ज्या स्त्रीने सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तिचे नाव चूक उत्तर म्हणून खोडले जावे, ही गोष्ट मात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मी टेनिसची जाणकार नाही. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि लीलाबाईंपर्यंत पोहोचले तीही संस्कृतच्याच वाटेने. त्यांच्या मातोश्री म्हणजे पंडिता क्षमाबाई राव. महात्मा गांधींच्या लढ्यावर संस्कृत श्लोकांत रचलेली ‘सत्याग्रहगीता’ ही त्यांची. परकीय राजवटीत हे काव्य 1932 साली पॅरिसमध्ये छापले गेले. क्षमाबाईंचा जन्म 1890 साली आपल्या पुण्यातच झाला. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे सायणभाष्यासह अथर्ववेदाची संपादित आवृत्ती सिद्ध करणारे विद्वान होते, आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली तुकोबांची जी गाथा 1869 नंतर इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली, ती त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. गाथेच्या पाठाची चर्चा आजही त्या प्रतीशिवाय पुरी होत नाही. ज्या घरात वेदांचे आणि अभंगांचे पाठभेद तपासले गेले त्याच घरातली नात पुढे विंबल्डनच्या हिरवळीवर सामना जिंकते, हे समजले तेव्हा मी प्रथम टेनिसचे नियम शिकून घेतले. त्यासाठी माझी नातच माझी गुरू झाली.

क्षमाबाई स्वतःही 1920 च्या दशकातील अग्रगण्य महिला टेनिसपटूंपैकी एक होत्या. म्हणजे लीलाबाईंच्या हातात रॅकेट आली ती घरातूनच. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही मुलीने मैदानावर धावावे की नाही यावर त्या काळी वाद झडत होते. अशा वेळी आईच कोर्टावर उतरलेली पाहत मोठे होणे ही गोष्ट मुलीसाठी किती बळ देणारी असेल, हे मी माझ्या पिढीच्या अनुभवावरून सांगू शकते. आमच्या लहानपणी मुलींना लंगडी आणि फार तर खोखो एवढीच मुभा असे, आणि न्हाणवली की तीही बंद होई.

लीलाबाईंचा जन्म 1911 चा. 1931 साली, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद पहिल्यांदा मिळवले. त्याआधीच्या काळात भारतातील महिला टेनिसवर जेनी सँडिसन यांची छाप होती. 1929 साली त्या विंबल्डनलाही खेळून आल्या होत्या. त्याही आधी 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नोरा पॉली या भारताकडून टेनिस खेळल्या होत्या. या दोघींची नावेही आपल्या लेखात असती तर बरे झाले असते, कारण लीलाबाई एखाद्या ओसाड माळावर एकट्याच उगवल्या नव्हत्या. त्या काळी देशात महिलांच्या स्पर्धा नियमित होत होत्या, त्यांत अँग्लो-इंडियन आणि युरोपीय स्त्रियांचा भरणा मोठा होता, आणि त्यांना हरवून भारतीय मुलीला वर यावे लागत होते.

आता 1934 च्या त्या सामन्याविषयी. त्याचा उल्लेख जिथे होतो तिथे तो एका ओळीत उरकला जातो, आणि मला तो उलगडून सांगावासा वाटतो. लीलाबाईंसमोर इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल होत्या. पहिला सेट लीलाबाईंनी 4-6 असा गमावला. दुसरा 10-8 आणि तिसरा 6-2 असा जिंकला. यातला मधला आकडा आजच्या प्रेक्षकाला चमत्कारिक वाटेल, कारण आता सेट 6-6 वर आला की टायब्रेकर होतो आणि दहा-बारा गुणांत निकाल लागतो. विंबल्डनमध्ये टायब्रेकर आला 1971 साली. त्यापूर्वी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. 10-8 या गुणफलकाचा अर्थ असा होतो की त्या दोघी 5-5, 6-6, 7-7 आणि 8-8 अशा चारही टप्प्यांवर बरोबरीत होत्या. दर वेळी कोणीतरी एक गेम पुढे जाई आणि दुसरी तिला पुन्हा गाठे. पहिला सेट हातून गेलेला असल्यामुळे हा सेटही गेला असता तर लीलाबाईंचा सामना तिथेच संपला असता. साउथवेल यांना मात्र तिसऱ्या सेटची सवलत शिल्लक होती. असा सेट जी जिंकते तिच्या मनगटाइतकीच तिच्या मनाची ताकद आपण मोजली पाहिजे. तिसऱ्या सेटचा 6-2 हा आकडा पुढचे सांगून जातो. एकूण छत्तीस गेम झाले. लाकडी रॅकेट आणि आतड्याच्या तारा घेऊन, पायाखाली हिरवळ असताना.

हिरवळीचा मुद्दा मी मुद्दाम मांडते. आपल्याकडे पुण्या-मुंबईला खेळ चालत असे तो मुरमाच्या आणि मातीच्या टणक कोर्टवर. तिथे चेंडू चांगला उसळतो आणि खेळाडूला मागे सरून फटका तयार करायला वेळ मिळतो. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, घसरल्यासारखा येतो, आणि इंग्लंडच्या हवेत गवत ओलसर असेल तर पायही घसरतो. तिथे वाढलेल्या मुलीला हे सारे अंगवळणी पडलेले असे. मुंबईहून जाणाऱ्या खेळाडूला आधी बोटीचा कित्येक दिवसांचा प्रवास आणि मग सरावाला मिळतील तेवढेच दिवस, अशी स्थिती होती. सारा खेळ हौशी होता, बक्षिसाची रक्कम नव्हती. त्यामुळे ज्या घरांना हा खर्च पेलवत होता त्याच घरांतल्या मुली तिथवर जाऊ शकत होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लीलाबाईंचे वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतले नामांकित डॉक्टर होते. लीलाबाईंना संधी मिळाली ती या सुस्थितीमुळे. 10-8 हा सेट मात्र सुस्थितीने जिंकून दिला नाही.

दुसऱ्या फेरीत त्या इडा अडामॉफ यांच्याकडून हरल्या. अडामॉफ रशियन वंशाच्या, पण खेळत फ्रान्सकडून. पुढल्या वर्षी, 1935 साली, लीलाबाई पुन्हा विंबल्डनला गेल्या. त्या वर्षी पहिल्याच फेरीत त्यांची गाठ इव्हलिन डिअरमन यांच्याशी पडली. या डिअरमन यांनी त्याच वर्षाच्या आरंभी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत महिला दुहेरीचे विजेतेपद पटकावलेले होते. लीलाबाई हरल्या. पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेतही त्या उतरल्या होत्या. परदेशातील कारकिर्दीचा ठळक भाग एवढाच आहे, आणि तो वाचून अनेक जण ‘एक सामना जिंकल्या, बस’ असे म्हणून पुढे जातात.

माझे मत असे आहे की लीला राव यांची खरी कारकीर्द 1935 नंतर सुरू होते आणि ती भारतातच पाहावी लागते. पहिल्या विजेतेपदानंतर पाच वर्षांनी, 1936 साली, त्या पुन्हा अखिल भारतीय विजेत्या झाल्या. मग 1937 आणि 1938 सालीही त्यांनी तो किताब राखला. सलग तीन वर्षे. त्यानंतर 1940, 1941 आणि शेवटी 1943. पहिल्या आणि सातव्या विजेतेपदात बारा वर्षांचे अंतर आहे. विशीत मिळालेले यश तिशीत टिकवणे आजही कठीण समजले जाते, आणि आज खेळाडूजवळ प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, फिजिओ असे सारे हाताशी असतात. त्या बारा वर्षांत नव्या दमाच्या मुली येत राहिल्या असणार आणि त्यांना तोंड देत लीलाबाई पुन्हा पुन्हा शिखरावर परतल्या. मला विचाराल तर 1934 चा एक विजय एका बाजूला आणि 1936 ते 1938 ही तीन वर्षे दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मी दुसरी बाजू उचलेन.

आणि याच ठिकाणी काळाने त्यांच्यावर अन्याय केला. त्या अठ्ठावीस ते बत्तीस वर्षांच्या असताना, जेव्हा देशात त्यांचा दबदबा होता, तेव्हा महायुद्ध पेटलेले होते. 1940 ते 1945 या काळात विंबल्डनची स्पर्धा झालीच नाही. म्हणजे 1940, 1941 आणि 1943 च्या विजेतीला जगासमोर जाऊन खेळण्याची वाटच बंद होती. ऑलिंपिकचे दारही बंदच होते, कारण 1924 नंतर टेनिस ऑलिंपिकमधून वगळले गेले आणि अधिकृत पदकांचा खेळ म्हणून परतले ते 1988 साली. पुरुषांना डेव्हिस कप तरी होता. भारत त्यात 1921 पासून खेळतो आहे आणि पहिल्याच वर्षी आपल्या संघाने फ्रान्सला फ्रान्समध्येच हरवले होते. स्त्रियांसाठी देशादेशांमधली अशी सार्वत्रिक सांघिक स्पर्धा, म्हणजे फेडरेशन कप, सुरू व्हायला 1963 साल उजाडावे लागले. आपण आज खेळाडूची थोरवी ज्या मापांनी मोजतो, म्हणजे जागतिक क्रमवारी, ऑलिंपिक पदक, देशाच्या संघातून खेळणे, त्यांतले एकही माप लीलाबाईंच्या वाट्याला आले नाही. मग उरते ते राष्ट्रीय अजिंक्यपद, आणि ते त्यांनी सात वेळा मिळवले. एवढे असूनही आपण त्यांना फक्त ‘विंबल्डनमध्ये एक सामना जिंकलेल्या’ म्हणून ओळखावे, आणि आता तर तेही नाव खोडावे, हे योग्य नाही.

त्यांची नोंद हरवण्याचे एक साधे कारण मला शोधताना लक्षात आले. त्यांचे आडनाव आपण मराठीत ‘राव’ असे लिहितो, पण घराण्याने इंग्रजीत स्वीकारलेले त्याचे रूप (Row) वेगळे होते आणि ते पाहून बरेच जण ‘रो’ असा उच्चार करतात. पुढे त्यांचा विवाह हरीश्वर दयाल यांच्याशी झाला आणि त्या लीला राव-दयाल झाल्या. दयाल हे आयसीएस अधिकारी होते, नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते, आणि तिथेच 1964 साली हिमालयाच्या खुंबू भागात पदभ्रमण करताना त्यांचे निधन झाले. टेनिसच्या नोंदीत एक नाव, संस्कृत साहित्याच्या इतिहासात दुसरे, अशी ही एकच स्त्री दोन कपाटांत विभागली गेली आहे. संस्कृतच्या अभ्यासकांना त्या नाटककार म्हणून परिचित आहेत. आईच्या कथांवर आणि चरित्रकाव्यांवर आधारित अनेक छोटी संस्कृत नाटके त्यांनी लिहिली, त्यांत तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांच्या चरित्रांवरची नाटकेही आहेत. भारतीय नृत्यावरही त्यांनी ग्रंथलेखन केले. मी अनेक वर्षे त्यांना केवळ लेखिका समजत होते. ही लीला राव आणि ती लीला राव एकच, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगते. विंबल्डनमध्ये महिलांची स्पर्धा सुरू झाली 1884 साली. तेरा जणी उतरल्या होत्या, आणि मॉड वॉटसन हिने अंतिम सामन्यात स्वतःच्या थोरल्या बहिणीला, लिलियनला, 6-8, 6-3, 6-3 असे हरवले. एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा हा गुणफलक पुण्यातल्या माझ्या घरात बसून मला काही क्षणांत मिळतो. कारण त्या लोकांनी तो जपला, छापला, दर वर्षी नव्याने छापत राहिले. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या सात अंतिम सामन्यांना तसाच मान मिळावा एवढीच माझी अपेक्षा आहे.

पुण्याने तर याबाबत पुढाकार घ्यायला हवा. बॅडमिंटनच्या जुन्या खेळाला या शहराचे नाव होते याचा आपण अभिमान बाळगतो. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याच्या हालचाली डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरून सुरू झाल्या, हेही आपण सांगतो. टेनिसच्या बाबतीत तर गेली काही वर्षे हे शहर देशात आघाडीवर आहे. अंकिता रैना येथे सराव करून मोठ्या झाल्या. ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णा यांच्या साथीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. 2025 च्या एप्रिलमध्ये म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात बिली जीन किंग कपचे आशिया-ओशिआनिया गटाचे सामने झाले, म्हणजे जो फेडरेशन कप लीलाबाईंच्या काळी नव्हता त्याचेच आजचे रूप. मी नातीसोबत एक दिवस गेले होते. कोर्टाशेजारच्या भिंतींवर नावे आणि छायाचित्रे पाहत फिरताना लीला राव यांचे नाव मला कुठे दिसले नाही. क्षमाबाईंच्या जन्मगावी त्यांच्या मुलीचे नाव असलेली एक पाटी, किंवा मुलींच्या एखाद्या स्पर्धेचा फिरता चषक, ही फार मोठी मागणी नाही. त्यासाठी फार खर्चही येणार नाही. ज्या क्लबांकडे स्वतःची कोर्ट आहेत आणि दर वर्षी मुलींच्या स्पर्धा होतात, त्यांनी याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, ज्या पानावर तो लेख आला त्याच पानावर ‘ओपन युगातील पहिली’ अशी दुरुस्ती छापावी आणि 1934 च्या सामन्याचा उल्लेख करावा. दुसरी अशी की, विंबल्डन सुरू होईल त्या सुमारास आपण क्रीडा पुरवणी काढता, त्यात लीला राव यांच्यावर एक स्वतंत्र लेख द्यावा आणि 1931, 1936, 1937, 1938, 1940, 1941 व 1943 या वर्षांच्या जुन्या वृत्तपत्रांतील अंतिम सामन्यांचे वृत्तांत त्यात मूळ शब्दांत घ्यावेत. त्या काळची मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रे पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांतून जपलेली आहेत. ती चाळण्यासाठी एखाद्या तरुण वार्ताहरासोबत बसायला मी आनंदाने तयार आहे. जुन्या लिपीची, जुन्या भाषेची अडचण आली तर तेवढे तरी काम माझ्याकडून नक्की होईल.

प्रश्नमंजूषेच्या आयोजकांनाही मी वेगळे पत्र पाठवले आहे. त्यांच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती शाळा उघडण्याच्या आत छापली जाते, आणि छापखान्यात जाण्यापूर्वी आपल्या दैनिकात दुरुस्ती आलेली असेल तर त्यांना ती मान्य करणे सोपे जाईल. म्हणून आपण हे पत्र शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध करावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका,
पुणे